कथलाचं डोकं, जांभळी झालर

ताई, तुझा साचा माझ्याकडे आहे आणि मी तो कुणालाही देणार नाही. हे आधीच सांगून टाकते. मला पत्रकं लिहायची सवय आहे आणि पत्रकात मागणी पहिल्या ओळीत लागते, नाहीतर लोक त्यात भजी गुंडाळतात.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं चौकातल्या फ्लेक्सवर आहे. होय, तुझा फ्लेक्स लागला. मंडळाच्या पोरांनी प्रेमाने लावला, विजेच्या खांबाला तारेने आवळून, अर्थातच परवानगीशिवाय. ज्या चौकात उभं राहून मी बेकायदा फ्लेक्सविरुद्ध सह्या गोळा केल्या, त्याच चौकात. फोटोत तुझे सगळे दात दिसतात. दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला ते शोभतंच. मी तो काढायला सांगितलं नाही. माझ्या चळवळीतली ही पहिली माघार. नोंद घे.

तू कशाने गेलीस, तेही एकदाच लिहिते. डेंग्यूने. शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर मी पत्रक काढलं होतं. आपल्या गल्लीत घरोघर वाटलं होतं. पुढे काही लिहीत नाही. ते भांडण माझं आणि त्या बिल्डरचं आहे, आणि ते मी करणार आहे. आज मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तुझी डबी उघडली मी. लॅबमधून कवळ्या पाठवतात तसली, निळ्या झाकणाची. आत कापसावर तुझे शेवटचे जिग. तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्याला कळायला हवं: जिग म्हणजे गळाच्या मानेवर ओतलेलं धातूचं छोटं डोकं आणि त्या डोक्याखाली बांधलेली झालर. पाण्यात सोडून खाली-वर नाचवलं की मरळीला वाटतं, बेडूक चाललाय. मरळ म्हणजे धरणाच्या मागच्या पाण्यात जलपर्णीखाली दबा धरून बसणारा चिडका मासा. तू म्हणायचीस, मरळ भुकेने नाही, रागाने तोंड उघडते. आणि माझ्याकडे बघायचीस.

तर डबीतल्या एका जिगची झालर जांभळी होती. माझ्या रेनकोटची. तो रेनकोट मोर्चात कुणीतरी ढापला म्हणून मी एका सहकाऱ्याशी आजतागायत धड बोलत नाही. आणि डोक्यावरचे ते दोन लाल डोळे, ते माझ्या नेलपॉलिशचे. म्हणजे मी तिथे होते. तुकड्यातुकड्याने होते. बाकीच्या पट्ट्या आधीच्या जिगांवर गेल्या असणार; धरणातल्या मरळींनी माझा रेनकोट पाहिला आणि मी ते धरण आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

आपल्या घरात मासा शिजत नाही, आईच्या हयातीत शिजणारही नाही. पण धातू शिजायचा. शनिवारी दुपारी तू गॅसचा ताबा घ्यायचीस. लॅबमध्ये दातांचे साचे करतात त्याच पांढऱ्या दगडी प्लॅस्टरचा दोन पाखांचा साचा, त्यात गळ बसवायचा, पाखं मिटवायची, वेगळी ठेवलेली काळी पळी घ्यायची आणि वरच्या भोकातून ओतायचं. आई दारात उभी राहून म्हणायची, "ती पळी माझ्या पळ्यांच्या शेजारी ठेवलीस तर तुझ्याबरोबर बाहेर जाईल." तू म्हणायचीस, "आई, ती पळी तुझ्यापेक्षा कमी तापते." आणि आई हसायची. मी असलं काही बोलले तर आई आठवडाभर अबोला धरते. तू बोललीस की हसते. हे कसं जमायचं तुला, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, पत्रक काढ.

आपलं भांडण शिशावरून होतं. मी म्हणायचे, नदीत एवढं विष जातंय, त्यात तू हौसेने शिसं टाकतेस. जिग जलपर्णीत अडकतो, दोरा तुटतो, डोकं तिथेच राहतं. वर्षानुवर्षं राहतं. तू म्हणायचीस, "तुझ्या नदीत मासा शिल्लक आहे का, ते आधी सांग." मी म्हणायचे, म्हणून तर. तू म्हणायचीस, "तुझी पत्रकं वाहत येतात ना, तीच गळाला लागतात माझ्या."

मग मी खरंच पत्रक काढलं. 'पाण्यात शिसं सोडणारे हौशी हात.' नाव कुणाचं नव्हतं, हात तुझेच होते. एक प्रत तुझ्या पकडीखाली ठेवली. दुसऱ्या शनिवारी पाहिलं, तर तू ते ओट्यावर अंथरून त्यावर ओतत होतीस. 'हौशी' या शब्दावर चंदेरी थेंब गोठलेला. "कागद चांगला आहे," तू म्हणालीस, "जळत नाही लवकर."

त्या दिवसापासून तू पळी काढलीस की मी निषेध म्हणून घराबाहेर जायचे. चपला मुद्दाम आपटत. चौकात चहा घेऊन, पाऊण गल्ली फिरून, सगळं निवल्यावर परत. बहिष्कार कडक होता. त्या बहिष्कारानेच मला कसं फसवलं, ते पुढे येतं.

आता प्रफुल्लवर येते.

प्रफुल्ल भंडाऱ्याचा. इथे कुठल्याशा कंपनीत रात्रीपाळीला लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर फोनवरून चालू करतो, विश्रांतवाडीत खोली करून राहतो. त्याच्या गावी घरासमोर तलाव. तो तुला पाण्यावर भेटला आणि रविवार त्याचे झाले. आपल्याला रविवारी सकाळी गॅलरीत बसून शेजाऱ्यांना नावं ठेवायची सवय होती, आठवतं? ती मोडली. तू उजाडताना स्कूटर काढायचीस, सिंहगड रस्ता रिकामा असेपर्यंत पार व्हायला हवं म्हणून. दुपारी यायचीस, कपड्यांना चिखल, तोंडाला रश्श्याचा वास. मासे त्याच्या खोलीवर शिजायचे. आई म्हणायची, "धरते ही आणि खातो तो विश्रांतवाडीचा." मला ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. तू एका दुसऱ्या घरात जेवत होतीस आणि घरी येऊन पोळीला नाही म्हणत होतीस.

तो तुझा प्रियकर असता तर मी समजून घेतलं असतं, ताई. मोठ्या मनाने. त्यावर माझी मतं पुरोगामी आहेत. पण तो तुला 'ताई' म्हणायचा. तिथे माझं मन अजिबात मोठं नाही. त्या शब्दावर माझा जन्मापासूनचा ताबा आहे, आणि भंडाऱ्याहून आलेल्या माणसाने तो असा सहज उचलावा, जणू रस्त्यात पडला होता.

एकदाच मी तुझ्याबरोबर आले. तू बोलावलं नव्हतंस, मी मागे बसले. त्या दिवशी तू नवा जिग केला होतास. पाण्याच्या कडेला तू तो खिशातून काढलास, फडक्यातून सोडवलास आणि मी हात पुढे केला. तू तो प्रफुल्लच्या हातात दिलास.

"पहिली फेक त्याची," तू म्हणालीस.

"का?"

"ज्याने केला त्याने पहिल्यांदा टाकायचा नसतो. हाव सुटते. मासा नाही लागला की स्वतःच्याच कामावर राग निघतो."

"मग मी टाकते."

"तुला येतं का?"

नाही येत. शिकवायचंस. तोंडापर्यंत आलं होतं, पण तो समोर होता आणि त्याच्यासमोर मला काही मागायचं नव्हतं. त्याने जलपर्णीच्या फटीत जिग टाकला. तू हनुवटीने किंचित डावीकडे दाखवलंस, त्याने दोरा किंचित डावीकडे ओढला. तुम्ही बोलत नव्हतात. आपण दोघी एका खोलीत वाढलो आणि मीठ मागायलासुद्धा आपल्याला वाक्य लागायचं. मरळ लागली तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज झाला. तुम्ही दोघं चिखलात गुडघ्यांवर बसलात, तू तिच्या जबड्यातून गळ काढलास आणि त्याच्या टॉवेलला हात पुसलेस. मी माझा रुमाल पुढे केला होता. तुला दिसला नाही.

हे सगळं मी धरून बसले आहे, हे तुला ठाऊक नव्हतं. आता असू दे.

तू गेल्यावर तो घरी आला. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसला. आईने पाणी दिलं. त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "ताईचा साचा मिळाला असता तं बरं होतं. पाण्यावरचे सगळेच तिचेच जिग वापरत होते. बिघडू देणार नाई. कथील मी आणतो."

मी म्हटलं, "कथील कशाला? ती शिसं ओतायची."

"नाई," तो म्हणाला, "शिसं तं कधीचंच सोडलं न तिनं."

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "अगं हो, ते कल्हईचं कथील. आपल्याच गल्लीतल्या कल्हईवाल्याकडून आणायची. तुला माहीत नव्हतं?"

सगळ्या कसबा पेठेला माहीत होतं. आईला, कल्हईवाल्याला, त्याच्या दुकानासमोर बसणाऱ्या मांजरालासुद्धा. मला नाही, कारण मी निषेध करत चौकात चहा पीत होते. मी ज्या शिशावर बहिष्कार टाकून फिरत होते ते घरात नव्हतंच.

"तुम्ही सांगितलंत तिला सोडायला?" मी विचारलं. त्याने मान खाली घातली. मी ते होय धरलं. आणि ताई, तुझ्या तेराव्याच्या आत मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. मी घसा फोडला, कागद छापला, चपला आपटल्या, आणि तू ऐकलंस त्याचं. पाण्याच्या कडेला, हनुवटीच्या एका इशाऱ्यावर ऐकलं असशील. मी म्हटलं, "साचा मिळणार नाही." तो म्हणाला, "बरं." आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहान होऊन आत गेले.

मग साचा माझा आहे हे सिद्ध करायचं म्हणून मी ओतायला घेतलं. दुपार होती. आईने गॅस पेटवून दिला. साचा काळा पडला होता, कडांना तेलकट थर. मी तो घासून लख्ख केला, भांड्यांच्या साबणाने. आई मागून म्हणाली, "धुतलास?"

"घाण होता."

"अगं, ती त्याला पाणी दाखवत नव्हती. आधी तव्यावर पालथा ठेवायची."

"पुसलाय मी."

कथील पळीत वितळलं, दुधावर साय धरावी तशी त्यावर साय आली. मी ती चमच्याने सारली आणि भोकातून ओतलं. साच्याने ते सरळ माझ्यावर थुंकलं. फट्‌ आवाज, ओट्यावर चंदेरी शिंतोडे, एक माझ्या मनगटावर. प्लॅस्टरच्या पोटात पाणी उरलं होतं, त्याची वाफ झाली आणि साच्याच्या आतला एक टवका उडाला. तुझ्या साच्याचा. पाखं उघडली तर आत एक वेडंवाकडं डोकं, कपाळावर टेंगूळ आलेलं.

आईने माझा हात नळाखाली धरला. पाणी बंद केल्यावरही सोडला नाही. मनगट उलटं करून बघत राहिली. तुझ्या मनगटावर असे डाग होते ना, तीन-चार, तांदळाच्या दाण्यासारखे. फ्लेक्स लागला तेव्हा, लोक येत होते तेव्हा, कधीच न रडलेली आई त्या एका डागापाशी रडली. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि, खोटं कशाला सांगू, तेव्हासुद्धा मला वाटलं की हात माझा आहे आणि रडणं तुझं.

तव्यावर वाळवून मी पुन्हा ओतलं. टवका गेला तो गेलाच. आता या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक जिगच्या कपाळावर टेंगूळ येणार. मी झालर बांधली, आईच्या जुन्या नायलॉनच्या पट्ट्यांची, आणि रविवारी उजाडताना तुझी स्कूटर काढली. तुझी डबीही घेतली.

तो तिथे होता. एकटाच, तुमच्या जागेवर. माझा जिग बघून म्हणाला, "हे टेंगूळ कायचं?"

"साचा धुतला मी."

त्याने डोळे मिटले. हसू दाबत होता की दुसरं काही, ते कळलं नाही. मग म्हणाला, "तुम्ही केला न? मंग तुम्हाले नाई टाकता येत."

माहीत होतं मला. तरी एवढं अंतर तोडून, स्वतःचं मनगट भाजून घेऊन केलेली वस्तू मी पुन्हा त्याच माणसाच्या हातात दिली. तुझा नियम. त्याने टाकला. तो एका बाजूला झुकत, डोलत खाली गेला. काही लागलं नाही. त्याने दोरा गुंडाळला, जिग फडक्याने पुसला आणि मला परत दिला. त्याने पुसला, हे मी पाहिलं.

मग मी विचारलंच. "शिसं तुम्ही सोडायला लावलंत ना तिला?"

"मी? मी कायले लावू. मले तं शिसंच बरं वाटे. झटकन तळाले जाते. कथील हलकं, डोलत बसते. लय भांडलो मी तिच्याशी."

"मग कोणी सांगितलं?"

"ते नाई बोलली. एक दिवस आली अन् माझी शिशाची पिशवीच घेतली. म्हणे, हे बंद. अन् म्हणे, घरी बोलू नको."

"का?"

"म्हणे, ती पत्रकात छापेल."

मी हसले, ताई. त्या चिखलात, त्याच्यासमोर, मोठ्याने. आणि मग इतका संताप आला की काठावरचा दगड उचलून पाण्यात टाकला. म्हणजे माझं पत्रक तू वाचलं होतंस. ओट्यावर अंथरण्याआधी वाचलं होतंस. मी जिंकले होते आणि ते तू मला सोडून बाकी सगळ्यांना कळू दिलंस. मला हरवायचं होतं तर समोर हरवायचंस. जिंकू दिलंस ते पाठीमागे. त्याच्याशी तू माझं भांडण भांडलीस, माझ्या बाजूने, आणि ते ऐकायला मी नव्हते. तेही त्यालाच मिळालं. एवढ्यापुरता तरी मला त्याचा हेवा करू दे. हा हक्काचा आहे.

तरीही लिहून ठेवते: सह्या कितीही जमवल्या तरी माझ्या एका कागदामुळे एका माणसाने आपला हात बदलला, असं मी आजवर एकदाच पाहिलं. पाहिलंही नाही. ऐकलं. पण तो हात तुझा होता.

डबी उघडली. जांभळ्या झालरीचा जिग नवाच होता, पाण्यात न गेलेला. तू केलेला, म्हणजे पहिली फेक दुसऱ्याची. मी तो प्रफुल्लपुढे धरला. त्याने रॉड माझ्या हातात दिला.

"माझ्या वाट्याचे लय झाले," तो म्हणाला. "हा तुमचा."

"मला येत नाही."

"तिलेही येत नव्हतं. पह्यल्याच दिवशी माझ्या टोपीत अडकवला होता."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी टाकला. जायचा तिथे तो गेला नाही. जलपर्णीच्या जाड चटईत जाऊन पडला आणि रुतला. ओढला, सैल सोडला, पुन्हा ओढला. प्रफुल्ल हनुवटीने डावीकडे दाखवत होता. मला ती भाषा येत नाही, मी सरळ ओढलं. दोरा ताणला आणि पटकन तुटला. तुझा शेवटचा जिग, माझा रेनकोट, माझी नेलपॉलिश, सगळं त्या पाण्यात राहिलं. मी वाट पाहत होते, तो काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, "कथील आहे. राहू द्या."

आता पाण्याचाही हेवा वाटतो, त्याला काय करू?

साचा मी दिलेला नाही. टेंगळासकट तो माझा आहे. प्रफुल्लला सांगितलंय, जिग हवे असतील तर शनिवारी दुपारी घरी ये. गॅस आपला, आई दारात उभी राहून बोलणार, तिचं ऐकून घ्यायचं. पळी मी धरणार. आणि ओतताना मी घराबाहेर जाणार नाही.

निघताना त्याने रॉड बांधला, मोटरसायकलला किक मारली आणि वळून म्हणाला, "येतो, ताई."

"मला नावाने हाक मार," मी म्हटलं. "ताई एकच होती."

तो "बरं" म्हणाला. कुणाची, ते मी बोलले नाही.